बालवर्गात मूल काय शिकते?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या शाळेच्या समारंभात बहुधा वरच्या इयत्तांविषयी बोलले जाते. शालान्त परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या, पुढे नावारूपाला आलेले विद्यार्थी यांची नोंद अहवालात आवर्जून होते. ज्या खोलीत या सर्वांनी पहिले पाऊल टाकले, त्या बालवर्गाची नोंद मात्र पटसंख्येच्या एका आकड्यापुरती राहते. आजच्या व्याख्यानाचा विषय ती खोली आहे. तिथे तीन ते सहा वर्षांचे मूल वाचन, लेखन आणि गणित या तीन वाटांवर नेमके काय चालते, याचा हा विचार आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत या प्रश्नाला जास्तच धार आहे. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे संविधानाचे ३५०(अ) हे कलम सांगते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते संविधानात आले. पण कलम सोयीची हमी देते, मुले आणून देत नाही. या वर्षीचा बालवर्ग रिकामा राहिला, तर पाच वर्षांनी चौथीचा वर्ग रिकामा राहतो आणि दहा वर्षांनी नववीचा. मराठी शाळेचे भवितव्य म्हणून बालवर्गाच्या दाराशी ठरते, आणि त्या दाराशी उभ्या असलेल्या आईवडिलांच्या मनात दोन शंका असतात. पहिली अशी, की मूल इथे नुसते खेळते, शिकत काहीच नाही. दुसरी अशी, की घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू आणि पुढे इंग्रजी, इतक्या भाषांत मूल गोंधळून जाईल. दोन्ही शंका प्रामाणिक आहेत आणि दोहोंचे उत्तर बालवर्गाच्या कामातूनच द्यावे लागते.

खेळातून शिक्षण हा विचार अलीकडचा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रबेल यांनी १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले आणि काही वर्षांतच ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. भारतीय बालशिक्षणाचा पाया अशा रीतीने एका गुजराती शिक्षकाने आणि एका मराठी शिक्षिकेने गुजरातच्या भूमीवर मिळून घातला, ही गोष्ट परप्रांतातील मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि त्यानंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांचे काम उभे राहिले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली गेली आणि माँटेसरींच्या महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. आज देशभर बोलला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगाची खूण आहे.

आता पहिली वाट, वाचनाची. वाचनाचा आरंभ अक्षरापासून होतो असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः तो कानापासून होतो. अक्षर हे ध्वनीचे चित्र आहे. ज्याला ध्वनीच वेगळा ऐकू येत नाही, त्याला त्याचे चित्र दाखवून उपयोग होत नाही. म्हणून बालवर्गात गोष्टी, बडबडगीते, शब्दांच्या भेंड्या यांना इतका वेळ दिला जातो. बाई ‘कमळ’ हा शब्द उच्चारतात आणि मुले तीन टाळ्या वाजवतात. ‘बदक’ आणि ‘बशी’ यांत सारखे काय, असे विचारले की एखादे मूल ‘ब’ असे ओरडते. बाहेरून पाहणाऱ्याला हा करमणुकीचा तास वाटतो. प्रत्यक्षात मूल बोलण्याच्या अखंड प्रवाहाचे तुकडे करायला शिकत असते, आणि वाचनाला लागणारी पहिली शक्ती हीच होय.

देवनागरी लिपी या कामी मुलाला मदत करते. तिचे एक चिन्ह बहुधा एका टाळीइतक्या ध्वनीचे असते. कमळाच्या तीन टाळ्या आणि कमळाची तीन अक्षरे यांचा मेळ सहज बसतो. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. ‘क’मधला ‘अ’ काढून त्या जागी ‘इ’ घातला की ‘कि’ होतो, हे समजण्यासाठी टाळीच्याही आत शिरावे लागते. त्यातही ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला मात्र तिथे ठेच लागते. बाराखडी घाईने घोकून घेतलेली मुले ‘का कि की’ सुरात म्हणतात, पण ‘पिशवी’ हा शब्द समोर आला की अडखळतात, त्याचे कारण हे आहे.

अक्षरे कोणत्या क्रमाने द्यावीत, यालाही मराठीत स्वतःची परंपरा आहे. वर्णमालेचा क्रम कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या ओळीने जातो आणि तो शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्यात क, ख, ग, घ असे कानाला जवळचे वाटणारे ध्वनी लागोपाठ येतात आणि त्या चार अक्षरांतून मुलाच्या ओळखीचे शब्दही फारसे होत नाहीत. याउलट ‘ग म भ न’ हा क्रम आकाराच्या सारखेपणावर बेतलेला आहे. चारही अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे, उच्चार एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत आणि त्यांतून ‘मन’, ‘नग’, ‘गगन’ असे शब्द लगेच जुळतात. चार अक्षरांत शब्द वाचता येतो, हा अनुभव मुलाला मिळतो. वाचनाची गोडी अशा छोट्या विजयांतून लागते.

दुसऱ्या शंकेचा, म्हणजे अनेक भाषांचा, संबंध इथेच येतो. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. त्यामुळे हिंदी मुलखातले मराठी मूल ‘शाळा’ला ‘शाला’ आणि ‘फळ’ला ‘फल’ म्हणते. गुजराती आणि कन्नड भाषांत हा ध्वनी असल्याने तिथल्या मराठी मुलाला तो सोपा जातो, पण लिपी वेगळी दिसते. मराठीत ‘चिमणी’तला च आणि ‘चमचा’तला च, ‘जीभ’मधला ज आणि ‘जास्वंद’मधला ज वेगळे उच्चारले जातात, परंतु लिहिले जातात एकाच चिन्हाने. हा भेद कोणत्याही तक्त्यावर छापलेला नसतो. तो केवळ माणसाच्या तोंडून मुलाच्या कानात जातो. महाराष्ट्रातील मुलाला तो बाजारात, बसमध्ये, शेजारी सगळीकडे ऐकू येतो. परप्रांतातील मुलाला आजीच्या आणि बाईंच्या तोंडूनच मिळतो. ‘शाला’ म्हणणाऱ्या मुलाला गोंधळलेले समजू नये. त्याचे कान दोन भाषांचे हिशेब एकाच वेळी मांडत असतात. त्याला हसू नये, पुन्हा पुन्हा म्हणायलाही लावू नये. ‘हो, आपली शाळा’ असे नीट उच्चारून बोलणे पुढे न्यावे, एवढे पुरते.

दुसरी वाट लेखनाची. या वाटेवर घाई सर्वांत अधिक होते आणि हानीही सर्वांत अधिक होते. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेच्या रूपात असतात आणि वाढत्या वयाबरोबर एकेक करून त्यांचे हाडांत रूपांतर होते. शेवटच्या हाडाची तशी सुरुवात होण्यासच नववे ते बारावे वर्ष उजाडते. चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ओळीत पान भरून घेणे म्हणजे कच्च्या भिंतीवर छप्पर चढवण्यासारखे आहे. मूल पेन्सिल मुठीत आवळते, बोटे दुखतात, कागद फाटतो आणि लेखन म्हणजे शिक्षा, ही समजूत मनात घर करते.

म्हणून बालवर्गात लेखनाचे शिक्षण पेन्सिलीच्या आधी सुरू होते. मातीचे गोळे करणे, दोऱ्यात मणी ओवणे, मटारच्या शेंगा सोलणे, कागद फाडून चिकटवणे, चिमटीने रांगोळी सोडणे, ही सर्व लेखनाचीच पूर्वतयारी होय. जुन्या काळी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवले जाई. आजच्या वर्गातील वाळूचे तबक आणि खरखरीत कागदाची अक्षरे त्याच धूळपाटीची वारस आहेत. बोटाला आकार कळला की डोळ्याला तो ओळखू येतो. देवनागरीतील बहुतेक अक्षरे थोड्या रेषांत बसतात: उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धे वर्तुळ, गाठ. या रेषा मोठ्या फळ्यावर, जमिनीवर, हवेत मनसोक्त काढलेल्या मुलाला वहीतले अक्षर परके वाटत नाही.

एका भीतीचे निवारण इथे करायला हवे. पाच वर्षांचे मूल ३ च्या जागी ६ लिहिते, अक्षर उलटे काढते, तेव्हा पालक धास्तावतात. मुलाने आजवर पाहिलेले जग असे, की कप उजवीकडे वळवला काय किंवा डावीकडे, तो कपच राहतो. अक्षरांच्या आणि अंकांच्या दुनियेतच प्रथम असे घडते, की दिशा बदलली की वस्तूच बदलते. मराठीत न पटणाऱ्या दोघांना ‘छत्तीसचा आकडा’ म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. मोठ्यांना ही गंमत वाटते. मुलासाठी तो नवा कायदा असतो. तो अंगवळणी पडायला या वयात वेळ लागणे स्वाभाविक आहे. सात-आठ वर्षांनंतरही अडचण टिकली, तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक. मुलाने चित्र काढून त्याखाली काही रेघोट्या माराव्यात आणि ‘मी आजीला पत्र लिहिले’ असे सांगावे, हेही लेखनच आहे. बोललेले कागदावर ठेवता येते आणि दुसऱ्याला ते कळते, हा लेखनाचा गाभा त्याला समजलेला असतो. वळणदार अक्षर पुढे येतेच. सांगण्यासारखे काही आपल्याजवळ आहे, हा विश्वास मात्र एकदा गेला की सहजी परत येत नाही.

तिसरी वाट गणिताची. पाहुणे आले की मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवायला सांगण्याची घरोघरी रीत आहे. अंक म्हणणे आणि मोजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वीसपर्यंत धडाधड म्हणणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवावेत. काही मुले एका चिंचोक्याला दोन अंक देतात, काही एखादा चिंचोका वगळतात. ज्यांचे मोजणे बरोबर येते, त्यांतल्याही काहींना ‘मग किती झाले?’ असे विचारले की ती पुन्हा एकपासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेला अंक हाच एकूण संख्येचे नाव असतो, हे त्यांना अजून उमगलेले नसते. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, शेवटचा अंक म्हणजे एकूण, कोणतीही वस्तू मोजता येते, आणि कुठूनही मोजले तरी संख्या तीच, अशी ती आहेत. मोठ्यांना ही तत्त्वे सांगण्याचीसुद्धा गरज वाटत नाही. मुलाला ती चिंचोके, सागरगोटे, बाटलीची झाकणे हाताळत स्वतः शोधावी लागतात.

मोजणीच्या आधी आणि मोजणीबरोबर आणखी बरेच चालते. लाल मणी वेगळे काढणे म्हणजे वर्गीकरण. वाट्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावणे म्हणजे क्रम. तोरणात एक आंब्याचे पान, एक झेंडू, पुन्हा एक पान असे ओवणे म्हणजे आकृतिबंध. पुढच्या बीजगणिताची आणि भूमितीची मुळे इथे आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले, की समान मण्यांच्या दोन ओळींपैकी एक लांबवर पसरली, तर लहान मूल त्या ओळीत मणी जास्त आहेत असे म्हणते. संख्या जागेवर अवलंबून नसते, हे सांगून पटत नाही. शंभरदा मांडून, मोडून, पुन्हा मांडून ते पटते.

मराठी संख्यानामांचा विचार तर स्वतंत्रच करायला हवा. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन आधी येतात. म्हणून मूल ५२ लिहिते. गुजराती आणि हिंदीतही हीच रचना आहे. कन्नड आणि इंग्रजीत दहाचा भाग आधी बोलला जातो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत एक उणे करण्याचे गणित दडलेले आहे. हा क्रम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि पुढे एकोणशंभर न येता ‘नव्व्याण्णव’ येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’साठी ‘साठ तीन’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचा रोख मुलांच्या याच अडचणीकडे होता. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी एवढे मान्य करावे लागते, की मराठी मूल शंभर नावे जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करते आणि हा भार मोठा आहे. म्हणूनच बालवर्गात दहापर्यंतच्या संख्यांशी मनापासून मैत्री व्हावी, पुढचे पुढे. पाचाचे चार आणि एक, तीन आणि दोन असे भाग पाडता येणे हे शंभरपर्यंतच्या घोकंपट्टीहून मोलाचे आहे.

ही केवळ काही शिक्षकांची हौस नव्हे. १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने शिक्षणातील ओझ्याविषयी अहवाल दिला आणि शिशुवर्गातील प्रवेशासाठी चाचण्या व मुलाखती घेऊ नयेत असे बजावले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग पायाभूत टप्पा मानला. २०२१ च्या निपुण भारत अभियानाने पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी ठेवलेली लक्ष्ये पालकांनी मुद्दाम पाहावीत. अक्षरे आणि त्यांचे ध्वनी ओळखणे, दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचणे, दहापर्यंतचे अंक ओळखून वाचणे, वस्तू, आकार किंवा घटना क्रमाने लावणे, एवढीच ती आहेत. नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या हे पहिलीचे लक्ष्य आहे. शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत येते म्हणून आपल्या मुलाला मागे समजणाऱ्या पालकाने ही यादी एकदा शांतपणे वाचावी.

घराचे काम यातून आपोआप स्पष्ट होते. वेगळी शिकवणी नको, गृहपाठाचे पुस्तक नको. जेवणाआधी मुलाने ताटे मांडावीत आणि माणसे किती, ताटे किती हे सांगावे. सणाच्या दिवशी रांगोळीचे ठिपके त्याने मोजून द्यावेत. भाजीची पिशवी रिकामी करताना बटाटे एकीकडे, कांदे एकीकडे लावावेत. रात्री एक गोष्ट वाचून दाखवावी. वाचताना बोट ओळीखालून फिरवावे, म्हणजे काळ्या खुणांतून शब्द निघतात हे त्याला दिसेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्याशी मराठीत भरपूर बोलावे. ‘दे’, ‘घे’, ‘चल’ एवढ्यावर न थांबता का, कसे, मग काय झाले, असे बोलावे. विचार करण्याची, कारण सांगण्याची, क्रम लावण्याची शक्ती मूल एका भाषेत कमावते आणि दुसऱ्या भाषेत सोबत घेऊन जाते. वाचन म्हणजे काय हे मराठीत एकदा कळलेल्या मुलाला इंग्रजी वाचायला शिकताना नवी लिपी शिकावी लागते, वाचन नव्याने शिकावे लागत नाही. मराठी पक्की झाल्याने इंग्रजी कच्ची राहते, या समजुतीला म्हणून आधार नाही.

माजी विद्यार्थ्यांसाठी शेवटचे निवेदन. शाळेला देणगी देताना सभागृह, प्रयोगशाळा, संगणक यांचा विचार प्रथम येतो आणि तो योग्यही आहे. परंतु बालवर्गाची गरज फार थोड्या पैशांची आणि पुष्कळ माणसांची असते. तिथे चित्रांची मराठी पुस्तके हवीत, फाटतील इतकी हाताळली जाणारी. तिथे महिन्यातून एकदा येऊन गोष्ट सांगणारे आजी-आजोबा हवेत, कारण ‘ळ’ आणि दोन प्रकारचे ‘च’ पुस्तकातून येत नाहीत. आणि तिथे मुले हवीत. ज्यांनी याच खोलीत पाटीवर पहिला ‘ग’ काढला, त्यांची मुले आणि नातवंडे या शहरात आहेत. ती कोणत्या दाराने शाळेत शिरणार, हा निर्णय त्यांच्याच घरात व्हायचा आहे.

जूनमध्ये नवा बालवर्ग भरेल. पहिल्या दिवशी रडणे होईल, दप्तरे हरवतील, कोणी दारातून परत पळेल. त्याच आठवड्यात कोणी मूल सात चिंचोके मोजेल आणि ‘किती?’ या प्रश्नाला पुन्हा न मोजता ‘सात’ असे उत्तर देईल. निकालपत्रात त्याची नोंद होणार नाही. पण साठ वर्षांत या शाळेतून जे जे शिकून बाहेर पडले, त्या सर्वांचे गणित अशाच एका ‘सात’पासून सुरू झाले होते.